माझा ठेका

"बाहेरनं स्ट्रायकर आणलाय. यंदा तू दुसरी टीम बघ," फुटबॉल टीम चालवणाऱ्या आमच्या तालमीचे अध्यक्ष मला म्हणाले. माझा दादा शेजारीच हलगी शेकत बसला होता. माझ्या गोलाला वाजवायचा खास ठेका त्यानंच बसवलेला. त्यानं हलगी जाळावर दुसऱ्या अंगानं धरली.

मग मी पलीकडच्या पेठेकडून उतरलो, आमच्याच तालमीविरुद्ध. गोल मारला आणि सवयीनं आमच्या पेठेच्या गॅलरीकडं धावत सुटलो. कठड्यापाशी पोचलो तरी हलगी गप्पच. दादा मान खाली घालून म्हणाला, "तुझी माणसं तिकडं हाईत."

त्यालाही जड जात असणार, असं समजून मी परत फिरलो.

थोड्याच वेळात त्या नव्या स्ट्रायकरनं बरोबरी साधली. सगळी गॅलरी उठली. दादानं हलगी उचलली आणि माझा ठेका वाजवला.