फिल्टर क्रमांक सतरा

"मॅडम, सतरा नंबरचा फिल्टर लावू?" शलाकाने विचारले.

काजळीचा प्रत्येक कण कुठल्या धुरातला, हे आता यंत्र अचूक सांगत असे. डॉ. आगटे तिसऱ्यांदा खिडकीपाशी जाऊन आल्या. तीस वर्षांपूर्वी वीटभट्टीजवळच्या हवेतली काजळी टिपलेल्या याच फिल्टरवर त्यांचा प्रबंध उभा राहिला होता आणि त्यामुळेच ती भट्टी, शलाकाच्या आजोबांची, बंद झाली होती.

"लाव."

पडद्यावर उमटले: डिझेल जनरेटर, चार मीटरवरून. फिल्टरमधून हवा ओढणारा पंप चालवायला तो जनरेटर तेव्हा त्यांनीच भट्टीपाशी नेला होता.

"भट्टीचे कण नावालाच आहेत," शलाका म्हणाली. "आजोबा सांगायचे, बाईंचं मशीनच धूर ओकत होतं. आम्ही हसायचो."

"आजोबा आत्ता घरी असतील?"

"असतात. पण ऐकू कमी येतं."

"मोठ्यानं सांगेन," म्हणत आगटेबाई चपला शोधू लागल्या.