पाच उजवे शंख

गेवराईच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या जागेसाठी वनमालाची ही सातवी मुलाखत. संस्थाचालक शिवशंकरराव प्रत्येक उमेदवाराला भिंतीवरचं पाच शंखांचं एक जुनं चित्र दाखवायचे. दोनशे वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या जहाजावर कुणीतरी काढलेलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. "वळखा," एवढंच म्हणायचे.

आत जाण्याआधी प्राचार्यांनी तिला हळूच बजावलं होतं, "दक्षिणावर्ती, म्हणजे उजव्या वळणाचे शंख म्हणा आणि गप्प बसा. साहेबांच्या वडिलांनी आणलेलं चित्र आहे, साहेब रोज त्याला हात जोडतात."

वनमालाने चित्र नीट पाहिलं.

"साहेब, हे साधेच, डाव्या वळणाचे शंख आहेत. पत्र्यावर सरळ कोरले, म्हणून कागदावर उलटे उमटले. उजवा शंख लाखात एखादा सापडतो. इथे पाचही उजवे कसे असतील?"

शिवशंकरराव उठले, तसबीर खाली उतरवली आणि एकेका शंखावर बोट ठेवत पाचही निरखले. ही नोकरीही गेली, असं समजून वनमालाने फाईल उचलली.

"बसा बाई, तुमी कुठं निघालात?" असं म्हणत ते प्राचार्यांकडे वळले. "सर, तुमी वीस वर्षं हेच शिकविता ना? तुमाला कदीच दिसलं न्हाई?"



प्राचार्यांनी मान खाली घातली. "दिसलं होतं, साहेब. माझ्या मुलाखतीच्या दिवशीच."