कुलपाचा सराव

लालसूने किल्ल्या खणखणवल्या आणि भुऱ्याकडे पाहिलं. भुऱ्याने कान टवकारले, पण तो जागचा हलला नाही. लालसूने किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि सुक्या मासळीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला. किल्ल्यांचा धडा झाला. आता बुटांचा.

लालसू वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत बॉयलरचं पाणी तपासायचा. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही तिथली शिस्त. कुत्र्यालाही त्याने तीच लावली. आधी नुसत्या किल्ल्या, मग बूट, मग हेल्मेट, मग दार ओढून घेणं, आणि सगळ्यात शेवटी कुलूप.

लालसूचा बाप वारल्यावर त्याच्या आईसोबत भुऱ्याही भामरागडकडच्या गावातून ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आला होता. तिकडे घराला कुलूप नव्हतं. बांबूच्या तट्ट्याचं दार ओढलं की झालं, आणि माणसं जंगलात निघाली की सगळ्यात पुढे कुत्रं. इथे लालसू ड्यूटीवर निघाला, बाहेरून कुलूप लागलं, की भुऱ्या दाराला नखं मारत रडायचा. वरच्या मजल्यावरच्या शमीमभाभींनी बरेच दिवस सोसलं. मग एकदा लालसूला जिन्यातच गाठलं.

"लालसूभाऊ, आमचा रईस रातपाळी करून येते. तुमचा कुत्रा त्याले झोपूच देत नाई. जमत नसन तर गावाले पाठवून द्या न त्याले."

या महिन्यात कुत्रं गप्प झालं नाही तर वसाहतीच्या कमिटीकडे जावं लागेल, असंही त्यांनी सांगितलं. एवढं बोलून झाल्यावर वरून दालच्याचा डबा आणून दिला. डबा घेऊन लालसू घरात आला. गावाला आता होतं कोण?

बाहेर बांधायचीही सोय नव्हती. मागच्या झुडपात बिबट्या फिरायचा, आणि साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं ताट. आई तर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात काड्या वेचायला त्या झुडपात शिरली होती. सुरक्षारक्षकाने तिला घरी आणून सोडलं. तेव्हापासूनच ती आत आणि बाहेरून ते कुलूप.

चंद्रपूरच्या जनावरांच्या डॉक्टर रिना मॅडमनी भुऱ्याला तपासलं. याला आजार नाही, भीती आहे, असं त्या म्हणाल्या.

"गेलेला माणूस परत येतो, हे त्याला शिकवा. थोडं थोडं. आणि जाताना बोलू नका, कुरवाळू नका. जाणं त्याला साधं वाटलं पाहिजे."

लालसूने ते तंतोतंत पाळलं. जाताना भुऱ्याशी बोलणं बंद केलं. आवाजाने तो पुन्हा बावचळेल, म्हणून आईला "अव्वा, येतो" म्हणणंही बंद केलं. अव्वा भिंतीशी चिंचा फोडत बसलेली असे. वसाहतीत कुणाला तिची माडिया कळत नव्हती, आणि तिला दुसरं काही धड बोलता येत नव्हतं. किल्ल्या वाजल्या की तिचा हात थांबे. कुत्र्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून थांबत असेल, असं लालसूला वाटे. अव्वाही सरावात मदत करते, याचं त्याला कौतुक होतं.

कुलूप लावून त्याने लगेच उघडलं. मग जिना उतरून आला. मग बसथांब्यापर्यंत जाऊन आला. एकदा घाई करून अख्खा बाजारच करून आला, तर भुऱ्याने दाराचा रंग खरवडून काढला होता. सगळं पुन्हा किल्ल्यांपासून.

महिन्याच्या शेवटच्या सुट्टीला तो कुलूप लावून निघाला आणि थेट चंद्रपूरला गेला. परतला तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. जिन्याखाली उभा राहून त्याने कान दिला. आत चिडीचूप. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शमीमभाभी वरून हसल्या.

"आज तर तुमच्या घरी कोणी नाईच, असं वाटून राह्यलं."

त्याने कुलूप काढलं. भुऱ्या गोणपाटावर पसरला होता. त्याने एक डोळा उघडला, शेपटी जमिनीवर आपटली आणि पुन्हा डोळा मिटला. लालसूला हसू आवरेना. खिशातली मासळी त्याच्यापुढे ठेवायला तो खाली वाकला, तेव्हा त्याला दाराआडची पावलं दिसली.

अव्वा भिंतीला पाठ लावून उभी होती. सुपातल्या चिंचा सकाळी होत्या तशाच होत्या. तिने भुऱ्याकडे पाहिलं, मग लेकाच्या हातातल्या किल्ल्यांकडे.

"कुत्रं शिकलं बापा," ती माडियात म्हणाली. "आता मला शिकव."