उसन्या उन्हाची गल्ली

"तुमचं एकमत होत नसेल, तर 'प्रकाश मार्ग' लिहून मोकळे होऊ," पालिकेचे साहेब म्हणाले.

शिडीवर पाट्या रंगवणारी उभी होती, याच गल्लीची लेक. पांढऱ्या पाटीवर 'उसन्या उन्हाची गल्ली' ही अक्षरं तिने खडूने आखून ठेवली होती. खाली एका ओळीची जागा कोरी. नवा नियमच तसा होता. जुनं नाव ठेवायचं तर खाली त्याचा अर्थ हवा, आणि तो सगळ्या गल्लीला मान्य हवा.

शिडी धरून तिची आई उभी होती, तळमजल्यावर शिवणकाम करणारी. तिला सगळे ताठ मावशी म्हणत. उभ्या जन्मात तिने शेजारी सुईसुद्धा मागितली नव्हती, आणि हे ती स्वतःच सांगायची.

"अर्थ सरळ आहे," कापड रंगवणारे आजोबा म्हणाले. "ऊन काय ते आमच्या गच्चीवर. सगळी गल्ली ओले कपडे घेऊन आमचा जिना चढायची. आम्ही कधी नाही म्हटलं नाही."

"गच्ची कालची हो, आजोबा!" बेकरीवाला म्हणाला. "थंडीत लोक आमच्या भट्टीच्या भिंतीला पाठ लावून बसायचे. ती ऊब म्हणजे ऊन. आमच्या घराण्याने फुकट वाटलं."

"माझी पणजी गायची," मास्तरीणबाई वरून म्हणाल्या. "ढगाळ दिवसात ती खिडकीत गायला बसली की गल्लीत ऊन पडल्यासारखं वाटायचं."

"म्हणजे चादरी गाण्यावर वाळवायच्या?" आजोबा म्हणाले. मास्तरीणबाईंनी खिडकीचं एक दार आपटलं, दुसरं ऐकण्यापुरतं उघडं ठेवलं.

साहेब हसले. "दिलं तर सगळ्यांनीच. घेतलं कोणी?"

गल्लीत जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बघू लागला.

"आमच्याकडे नाही बाई ती रीत."

"आम्हाला काय कमी होतं?"

"घेणाराच नाही, तर उसनं कसलं?" साहेब म्हणाले. "नाव खोटं ठरलं. पुसा ते."

लेकीने ओलं फडकं उचललं. शाळेत पोरी 'उसनी, उसनी' म्हणून चिडवायच्या, तेव्हा ती रडली नव्हती, झोंबली होती या नावासाठी. आता तिने आईकडेही पाहिलं नाही. फडकं फिरलं आणि पहिलं अक्षर गेलं.

मावशीच्या हातातली शिडी हलली.

"मी घेतलं," ती म्हणाली.

सगळ्या खिडक्या तिच्याकडे वळल्या.

"ही जन्मली ती पिवळीधमक. डॉक्टर म्हणाले, कोवळं ऊन दाखवा. माझ्या खोलीत भर दुपारी दिवा लागतो. आणि समोरच्या वहिनींशी माझा अबोला." तिने वर बोट केलं. खिडकीत काचवाल्याची बायको कोपर टेकून उभी होती. "रोज सकाळी वहिनींनी ती खिडकी तिरपी धरली. काचेवरून ऊन उडायचं ते थेट माझ्या दारात. ऊन सरकेल तसा मी पाळणा सरकवायचे. मी मागितलं नाही. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही."

"मी काच पुसत होते," वहिनी म्हणाल्या.

"रोज? एकच काच?"

वहिनींनी पदराने नाक पुसलं. गल्लीत कुणीतरी हसलं, मग सगळेच.

आजोबा खाकरले. "तशी भट्टीच्या भिंतीला मीही पाठ लावलीय. लहान होतो तेव्हा."

"आणि आमची पिठाची धुतलेली पोती तुमच्याच गच्चीवर वाळायची," बेकरीवाला पुटपुटला.

"गाण्याचं तेवढं कबूल करा," अर्ध्या खिडकीतून आवाज आला.

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग अर्थ काय लिहायचा?"

लेकीने पुसलेलं अक्षर पुन्हा आखलं. कुंचला रंगात बुडवला आणि खाली वाकून विचारलं, "आई, सांग."

ताठ मावशीने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. तिने एकदा वरच्या खिडकीकडे पाहिलं.

"लिही," ती म्हणाली, "घेतलं सगळ्यांनी, फिटलं कुणाचंच नाही."