विषाणूंचं पाणी

“वाया गेलं बघा, मॅडम,” म्हणत सुगंधाकाकूंनी रिकामी बाटली जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. शेडमध्ये कोंबडीची पिल्लं पंख पाडून बल्बखाली गोळा होऊन बसली होती. हगवणीवरची नेहमीची औषधं केव्हाच लागू पडेनाशी झाली होती. ही खेपही हातची गेली तर शेडला कुलूप लावायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लांच्या पाण्याचं भांडं उचलून वास घेतला. “काकू, पाण्यात काय घातलंत?”

काकू ओशाळल्या. “जरा ब्लीचिंग पावडर. तुम्हीच म्हणालात, बाटलीत विषाणू आहेत. म्हटलं, विषाची परीक्षा कशाला? पिल्लांच्या पोटात जायच्या आधी मारलेले बरे.”

बाईंना हसू आवरेना. “अहो, तेच तर औषध होतं. हे विषाणू हगवणीचे जंतू तेवढे खातात, पिल्लांच्या वाटेला जात नाहीत. आपण पाहुणे जेवायला बोलावले आणि तुम्ही त्यांना उंबऱ्यावरच संपवलंत.”

त्यांनी दुसरी बाटली दिली. काकूंनी सगळी भांडी विहिरीच्या साध्या पाण्याने वास जाईपर्यंत विसळली आणि देवाचं तीर्थ द्यावं तशा बेताने त्यांत औषध ओतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडायच्या आधीच आतला चिवचिवाट कानावर आला. काकू कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मागून नवरा जुन्या सवयीने भांडी धुवायला ब्लीचिंगचा डबा घेऊन आला.

काकूंनी दारात हात आडवा धरला.

“थांबा. आत पाहुणे जेवतायत.”