काज इथं, बटण तिथं

"कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही," असं पुटपुटत भिंगरी फॉर्मवर खुणा ठोकत होती. सुजलेल्या बोटांत पेन बसत नव्हतं, म्हणून तिनं ते मुठीत धरलं होतं.

फॉर्मचं नाव 'जीवनमान प्रश्नावली'. गेल्या आठवड्यात बटणं लावताना त्रास झाला का? जिना उतरताना? वाचताना? आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत असं वाटलं का? दवाखान्यात तिच्या शेजारी बसलेल्या बाबांना जन्मात कुणी असं काही विचारलं नव्हतं. ते शिंपी होते. लोक त्यांना फक्त "कधी देताय?" एवढंच विचारत.

"वाचताना कधीच नाही? परवा धडा मला वाचायला लावलास."

"तुमचं वाचन सुधारावं म्हणून."

फॉर्म स्वच्छ निघाला, तर शुक्रवारचं इंजेक्शन आजपासून बंद होणार होतं. त्या इंजेक्शनमुळे नऊ वर्षांच्या पोरीचा प्रत्येक शनिवार ओकण्यात जाई. सांध्यांच्या या दुखण्यात डोळेही आतून सुजतात आणि मुळीच दुखत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण डोळ्यांच्या तपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची होती.

भिंगरीनं फॉर्म त्यांच्या मांडीवर टाकला. "झालं. सुटलो!"

बाबांनी नजर टाकली आणि फॉर्म उजेडाकडे धरला. अठरा प्रश्न, अठरा खुणा, आणि एकही चौकटीत नाही. सगळ्या बोटभर उजवीकडे, ओळीत उभ्या. चौकटी फिकट करड्या रंगात छापलेल्या होत्या. शिलाईची टीप सरळ होती, कापडच चुकलं होतं. काज इथं, बटण तिथं.

टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. अठरा खुणा म्हणजे त्यांच्या हाताला मिनिटाचं काम. त्यांनी एक फॉर्म उचललासुद्धा.

"चला, पुढचे!" नर्स ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवरून बोट फिरवलं. "वा! एकही तक्रार नाही. मग इंजेक्शन थांबवू या."

भिंगरीनं बाबांचा शर्ट ओढला. तिचा चेहरा असा फुलला होता की बाबांना तिकडे बघवेना.

"बाई," ते म्हणाले, "खुणा बघा. एकही घरात नाही."

"मुलं कुठं चौकटी पाळतात हो?"

"ही पाळते. सुजल्या बोटांनीसुद्धा माझ्या सुईत दोरा हीच ओवायची. महिनाभर ओवलेला नाही. कंटाळा आला म्हणते."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि फोन उचलला. "डोळ्यांचा विभाग ना? वर एक मुलगी पाठवतेय. दोन महिन्यांनी नाही, आत्ता."

कोऱ्या फॉर्मची बाबांच्या मुठीत पार सुरळी झाली होती. भिंगरी उठली आणि खुर्चीला, भिंतीला धरत धरत दारापाशी जाऊन उभी राहिली.

"फितूर!" ती तिथून म्हणाली. "हसताय ना आता?"

बाबा हसत नव्हते. शर्टच्या बाहीनं ते डोळे पुसत होते.

"तूच सांग बरं, हसतोय का मी?"

भिंगरीनं डोळे बारीक केले. मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे.

"आधी अजून काहीतरी बोला ना, मग सांगते," ती म्हणाली.