खुडूक

बाबली चिताऱ्याने फणसाच्या ओल्या लाकडाचे सहा मोठे वाडगे लेथवर कातले आणि तडकू नयेत म्हणून पडवीत भुश्यात पुरून सावकाश वाळत ठेवले. घरात कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली.

आठव्या दिवशी बघतो तर एका वाडग्यात बायकोची, शेवंतीची, कोंबडी भुसा उकरून खुडूक बसलेली. हाकलायला गेला, तर तिने चोच मारून मनगटातून रक्त काढलं.

“अंड्यार बसली हा ती,” शेवंती म्हणाली. “एकवीस दिस उठवूची नाय.”

“गिऱ्हायकाक काय सांगू?”

“बाळंतपण चालू आसा म्हणान सांगा.”

तीन आठवडे बाबली दोघींवर चरफडत राहिला. नऊ पिल्लं घेऊन कोंबडी उठली, तेव्हा त्याने भुसा उपसला. भुसा असूनही कोरड्या वाऱ्याने पाच वाडग्यांना भेगा पडल्या होत्या. कोंबडीखालचा मात्र ऊब मिळून एकसारखा वाळला होता. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की त्याने अगदी तसेच आणखी पाच मागितले.

बाबली स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ घुटमळला. शेवटी खाली मान घालून म्हणाला, “वाडीत आणखी कोणाची कोंबी खुडूक बसली हा गो?”